ते ड्रायव्हर आहेत

वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांना ट्रेनिंगची जागा मिळाली होती आणि तिला मिळाली नव्हती. कॉलेजच्या कँटीनमध्ये पाऊल टाकलं की हे न बोलताही जाणवायचं. कोणी हेल्मेट घातलेला फोटो दाखवत असे, कोणी सेफ्टी शूज कुठे स्वस्त मिळतात ते सांगत असे, आणि ती टेबलाशी आली की आवाज जरा खाली यायचे. "तुझं काय झालं गं?" असं सुरुवातीला सगळे विचारायचे. मग विचारेनासे झाले. विचारत होते तेव्हा तिला राग यायचा. विचारेनासे झाले तेव्हा तिथला चहाच नकोसा झाला. ती लायब्ररीच्या मागच्या जिन्यावर बसून डबा खायला लागली.

विद्यापीठाचा नियम सरळ होता. तिसरं वर्ष संपलं की एक सत्र कारखान्यात काढायचं, तिथलं प्रमाणपत्र आणायचं, मगच शेवटच्या वर्षाला प्रवेश. जागा ज्याची त्यानं शोधायची. तिचा थर्मोडायनॅमिक्सचा पेपर एकदा राहिला होता. पुढच्या परीक्षेत तो तिनं चांगल्या गुणांनी सोडवला, तरी कंपनीतली माणसं गुणपत्रिका हातात घेतली की बरोबर त्याच ओळीवर बोट ठेवायची. काहीजण "कळवतो" म्हणाले. एका ठिकाणी तर बिस्किट चहात बुडवता बुडवता साहेबांनी सांगितलं, की मशीनवर आम्ही मुली घेत नाही, बाथरूमची सोय नाही. बिस्किट तुटून चहात पडलं आणि ते चमच्यानं काढण्यात साहेब असे गुंतले, की ती उठून गेलेलीही त्यांना कळली नसेल.

ट्रेनिंगचं काम बघणाऱ्या मॅडमनी एकदा तिला बोलावून घेतलं. मॅडम मनाच्या चांगल्या होत्या. दार लोटून घेऊन त्यांनी हळूच विचारलं, घरातलं कोणी ओळखीचं नाही का, एखादे काका, मामा, कुठे कारखान्यात वगैरे?

"मामा आहे," ती म्हणाली. "पण तसा नाही."

मॅडम हसल्या. तीही हसली. बाहेर आल्यावर आपण का हसलो याचं तिला वाईट वाटलं, पण थोडाच वेळ.

तिचा मामा शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायचा. ती बालवाडीत होती तेव्हा वडील घर सोडून गेले, आणि आईचा हा धाकटा भाऊ महिनाभर सोबत म्हणून राहायला आला तो राहिलाच. लग्नाचा विषय कोणी काढला की म्हणायचा, एवढी पोरं रोज संभाळतो, अजून घरी कशाला? बाहेरच्या खोलीत घडीची खाट टाकून तो झोपायचा आणि पहाटे उठून व्हॅन धुवायचा. व्हॅन पिवळी होती, मागच्या दारावर हसणारा सूर्य रंगवलेला होता आणि मागे घेताना ती एक गाणं वाजवायची. मामाचा आवाज मोठा. केस रंगवलेले, खिशाला कायम दोन पेनं, आणि कोणाशीही पहिल्या भेटीत जन्माची ओळख असल्यासारखं बोलणं. ती इंजिनियरिंगला गेल्यापासून तो तिला चारचौघांत "इंजिनियरबाई" म्हणायचा. किराणा दुकानातसुद्धा. आपण अजून इंजिनियर झालो नाही हे तिनं त्याला शंभरदा सांगून पाहिलं होतं.

घरी तिनं थाप मारली होती, की कंपन्यांची यादी लागायची आहे. आई कपडे शिवायच्या कारखान्यात काम करायची. यादी कुठे लागते, कशी लागते, तिला काय ठाऊक. पण एका सकाळी डबे भरता भरता आईनं सहज विचारलं, की पलीकडच्या इमारतीतली तुझ्या वर्गातली मुलगी कामावर जायला लागली म्हणे, मग तुझी यादी कधी? तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. यादीबिदी काही नाही, मला कोणी घेत नाही, असं ती एका दमात बोलून गेली.

मामा दारात बसून चपलेचा तुटलेला पट्टा चिकटवत होता. त्यानं मान वर केली.

"मग मला का नाही सांगितलंस? मी काय मेलो होतो?"

"तू काय करणार आहेस मामा?"

त्यानं पट्टा दाबून चप्पल पायात घातली आणि तो व्हॅनकडे गेला. मुलांना शाळेत सोडून तो परत आला, तो थेट तिलाच हाक मारत. दुपारी मुलं सुटेपर्यंत गाडी मोकळीच असते, चल, म्हणाला.

औद्योगिक वसाहत शहराच्या टोकाला होती. रुंद रस्ते, दोन्ही बाजूंना उंच भिंती, भिंतींवर काचा आणि मधूनमधून लोखंडी फाटकं. प्रत्येक फाटकाशी मामा व्हॅन थांबवायचा, उतरायचा आणि वॉचमनच्या खोलीच्या खिडकीत डोकं घालायचा. ती पुढच्या सीटवर मांडीवर फाइल घेऊन, अंग चोरून बसलेली. मामाचा आवाज तिला आतपर्यंत ऐकू यायचा. आमची भाची आहे, इंजिनियर आहे, हुशार आहे, तुमच्या साहेबांना नुसतं भेटू द्या, पुढचं ती बघेल. एका वॉचमननं व्हॅनवरचा सूर्य बघून सांगितलं, की शाळा पुढच्या गल्लीत आहे. मामाच सगळ्यांत मोठ्यानं हसला. रंगाच्या कारखान्याच्या फाटकात त्यानं व्हॅन अशी लावली, की मागून आलेला ट्रक अडला. ट्रकवाला शिव्या घालायला लागला आणि मामानं व्हॅन मागे घेतली तेव्हा ती गाणं वाजवू लागली. फाटकाशी उभी असलेली इस्त्रीच्या शर्टातली दोन मुलं, बहुतेक तिथली ट्रेनीच असावीत, एकमेकांकडे बघून हसू दाबत होती. तिनं फाइल तोंडासमोर धरली.

असे काही दिवस गेले. संध्याकाळी आई विचारायची आणि मामा म्हणायचा, होईल, होईल, माणसं वाईट नाहीत. तिला मात्र रोज वाटायचं, उद्या आपण जाणार नाही म्हणून सांगावं. आणि सांगवत नव्हतं, कारण दुसरं काही हातात नव्हतं.

पंपांच्या कारखान्यात जमलं ते निव्वळ मामामुळे. तिथल्या वॉचमनची स्कूटर चालू होत नव्हती आणि तो घामाघूम झाला होता. मामानं स्कूटर आडवी करून, प्लग पुसून, धक्का मारून ती चालू करून दिली आणि मग नेहमीचं भाषण केलं. वॉचमन मिशीला रंग लावलेला, कडक माणूस होता. पण त्यानं खरोखरच आत फोन लावला आणि चाचणी विभागाच्या साहेबांनी तिला लगेच पाठवायला सांगितलं. त्यांचा एक ट्रेनी आदल्याच दिवशी सोडून गेला होता.

मामा तिच्या मागोमाग आत आला. तू थांब इथेच, असं म्हणायचं तिच्या ओठांवर आलं होतं, पण वॉचमनच्या समोर म्हणवेना.

ऑफिसची फरशी आरशासारखी होती. काचेच्या दाराशी मामा थबकला, खाली बघितलं, आणि चपला काढून पायपुसण्याच्या बाजूला नीट जोडून ठेवल्या. कोणीच तिथे चपला काढत नव्हतं. तो अनवाणीच आत आला, रिसेप्शनवरच्या मुलीकडे मोठ्या आवाजात पाणी मागितलं, आणि तिनं बोट दाखवलं तिकडे जाऊन दोन पेले प्यायला. तेवढ्यात साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. केबिनला तिन्ही बाजूंनी काच होती, आणि दार नीट लागत नव्हतं.

साहेब पन्नाशीचे, बारीक आवाजाचे, सरळ माणूस वाटले. राहिलेल्या पेपराबद्दल त्यांनी विचारलं, तिनं खरं ते सांगितलं. मग त्यांनी पंप सुरू करण्याआधी पाण्यानं का भरायचा, असं विचारलं. तिनं सांगितलं. दाब कमी भरला तर आधी काय तपासाल? तेही तिनं सांगितलं. साहेब मान डोलवत होते. कित्येक दिवसांनी तिला आपल्याच आवाजाची लाज वाटत नव्हती. हे जमतंय, असं तिला वाटायला लागलं होतं, आणि नेमकं तेव्हाच साहेबांचं लक्ष तिच्या खांद्यावरून बाहेर गेलं.

बाहेर दाखवण्यासाठी अर्धा कापलेला एक पंप ठेवला होता. मामा त्याच्या भोवती फिरत होता. वाकून आत बघत होता आणि बैलाच्या पाठीवर थोपटावं तसा त्याच्यावर हात थोपटत होता. पायांच्या टाचा काळ्या, भेगाळलेल्या.

साहेब हसून म्हणाले, "ते कोण? तुमचे वडील?"

"नाही," ती म्हणाली. "ते ड्रायव्हर आहेत."

खोटं काय होतं त्यात? मामा ड्रायव्हरच होता. पण शब्द तोंडातून बाहेर पडले तेव्हाच तिला कळलं, की आपण काय केलं. पुढे एक वाक्य घालायला वेळ होता. ते माझे मामा आहेत, एवढंच. तिचं तोंड उघडलंही. साहेब तोवर "अच्छा, गाडीनं आलात, छान," म्हणत उठले होते. त्यांनी दार ढकललं आणि मामाला म्हणाले, "तुमच्या मॅडमना अजून वेळ लागेल. तुम्ही गाडीत जाऊन बसा."

मामानं आधी साहेबांकडे बघितलं, मग तिच्याकडे. ती खाली, फाइलकडे बघत होती.

"हो साहेब," मामा म्हणाला. कधी नव्हे इतक्या हळू आवाजात. मग काचेपलीकडे चपला पायात घालण्याचा आवाज झाला, आणि दार बंद झालं.

तिला जागा मिळाली. सोमवारपासून या, म्हणाले.

ती व्हॅनमध्ये येऊन बसली. तिला वाटलं होतं, मामा रागावेल, निदान गप्प तरी बसेल. तसं काहीच झालं नाही. मिळाली म्हटल्यावर त्यानं स्टिअरिंगवर थाप मारली, रस्त्यात गाडी थांबवून तिला आइस्क्रीम घेऊन दिलं, साहेबांनी काय काय विचारलं ते सगळं ऐकून घेतलं. घरी आईला त्यानं सगळी हकीकत सांगितली, अगदी वॉचमनच्या स्कूटरपासून. शेवटी म्हणाला, की तिथे आत फार लोक चालत नाहीत, म्हणून मी बाहेर गाडीतच बसून होतो. हे सांगताना त्यानं तिच्याकडे बघितलं नाही. म्हणजे त्याला कळलं होतं. आणि तो तिला सांभाळून घेत होता, तिच्याच आईसमोर.

आई आनंदानं तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. तिला त्या हाताखालून सरकून कुठेतरी जावंसं वाटत होतं.

काम तिला आवडलं, हे खरं. चाचणी विभाग म्हणजे एक मोठी शेड, मध्ये विहिरीएवढी टाकी आणि तिच्या काठानं ओळीनं नळ्या. तयार झालेला पंप आणून नळ्यांना जोडायचा, चालवायचा, दाबाचा काटा बघायचा, पाणी किती येतं ते मोजायचं, गळतंय का ते हात लावून बघायचं. कानठळ्या बसवणारा आवाज असे आणि दिवसभर पाय ओले. तिच्यासोबत दुसऱ्या कॉलेजचा एक ट्रेनी होता. जाड चष्म्यामुळे सगळे त्याला चष्मिष म्हणायचे. साहेबांनी पहिल्याच दिवशी चेष्टेत सांगून टाकलं होतं, की या मॅडम ड्रायव्हर घेऊन मुलाखतीला आल्या होत्या. ते सगळ्या शेडभर झालं. जोडणीचं काम करणारी माणसं तिला जड काही उचलू देईनात. "राहू द्या मॅडम, तुम्हाला सवय नसेल." चष्मिषनं एकदा विचारलं, घरी गाडी-ड्रायव्हर आहे, तर तू इथे पाण्यात कशाला भिजतेस? ती नुसती हसली. प्रत्येक वेळी ती नुसती हसायची, आणि प्रत्येक हसण्यानं ती थाप अजून थोडी पक्की व्हायची.

फाटकावरच्या वॉचमनला मात्र ती नजर देत नसे. त्याला मामानं स्वतः सांगितलं होतं, आमची भाची आहे म्हणून. सकाळी तो सलाम करायचा आणि ती घाईत असल्यासारखी आत शिरायची.

एक दिवस ती डबा घरी विसरली. दुपारी शेडमधला फोन वाजला आणि चष्मिषनं तो उचलला. गेटवर तुझ्याकडचं कोणीतरी आलंय, म्हणाला, आणि त्यालाही बाहेर सिगारेट ओढायची होती म्हणून तिच्याबरोबर चालू लागला. नको येऊस असं कोणत्या तोंडानं सांगणार?

मामा फाटकाच्या आत, सावलीत उभा होता. त्याच्या पायांत बूट होते. काळे, नवे, चकाकणारे. मामानं आयुष्यात बूट घातलेले तिनं पाहिले नव्हते. पाय सुजतात म्हणायचा. त्या बुटांत अवघडून, एका पायावरून दुसऱ्या पायावर होत तो उभा होता. ते कशासाठी घेतले हे तिला विचारावं लागलं नाही.

तिला बघून त्याचा चेहरा नेहमीसारखा फुलला. मग त्याला तिच्या शेजारी चष्मिष दिसला. चेहरा लगेच मिटला. त्यानं डबा दोन्ही हातांनी पुढे केला.

"मॅडम, डबा," तो म्हणाला. "बाईंनी पाठवलाय."

खिडकीतून वॉचमन बघत होता. त्यानं मामाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. मग नजर खाली घातली आणि पुढ्यातल्या वर्तमानपत्राचं पान उलटलं. त्या माणसानं काही बोलून दाखवलं असतं, थुंकला असता तरी चाललं असतं. त्यानं तिला लाजेपासून वाचवण्यासाठी मान खाली घातली होती.

"ठीक आहे," ती म्हणाली, आणि डबा घेतला.

मामा फाटकाबाहेर गेला. बूट चावत असावेत, तो किंचित लंगडत होता. चष्मिष म्हणाला, फार सभ्य माणूस आहे गं तुमचा ड्रायव्हर. ती शेडमध्ये आली आणि टाकीच्या मागे जाऊन बसली. डब्यात आईनं भातावर उकडलेलं अंडं कापून घातलं होतं. तिनं झाकण पुन्हा लावून टाकलं. डबा तसाच घरी गेला तर प्रश्न येतील, म्हणून तिनं तो दाराशी येणाऱ्या कुत्र्याला घातला आणि त्याचीही तिला लाज वाटली.

त्या संध्याकाळी आणि पुढच्या कितीतरी संध्याकाळी तिनं मामाशी बोलायचं ठरवलं. तो बाहेरच्या खोलीत पाय वर घेऊन टाचांना तेल चोळत बसलेला असायचा. ती पाण्याचा तांब्या घेऊन जायची, समोर ठेवायची आणि परत यायची. काय बोलायचं हे तिला माहीत होतं, सुरुवात कुठून करायची ते कळत नव्हतं. मामा आता तिच्या कामाची चौकशी जरा बेतानंच करायचा. आपल्याला विचारायचा हक्क किती, याचा त्याला अंदाज येत नसल्यासारखा.

मग पाहुणे आले. दुसऱ्या शहरातल्या पाणीपुरवठ्याच्या खात्याचे तीन अधिकारी, मोठ्या पंपांची चाचणी डोळ्यांदेखत बघायला. सकाळपासून सगळी शेड धावत होती. चाचणी व्यवस्थित झाली आणि त्यांना स्टेशनवर सोडायची वेळ आली तेव्हा कळलं, की कंपनीची गाडी रस्त्यात बंद पडली आहे. गाडीची सोय होईना. साहेब घड्याळाकडे बघत टाकीच्या काठानं चालत तिच्याजवळ आले. पंप चालूच होता, म्हणून ते तिच्या कानाशी वाकून ओरडले, की तुमचा ड्रायव्हर मोकळा असेल का, तेवढं पाहुण्यांना सोडून येईल?

 हो म्हणणं सोपं होतं. मामा आला असता, "हो साहेब" म्हणाला असता, आणि पाहुण्यांसाठी दार उघडून उभा राहिला असता. तो हे सगळं नीट निभावून नेईल याची तिला पक्की खात्री होती, आणि त्या खात्रीनंच तिला आतून पिळून काढलं.

ती काहीतरी पुटपुटली. साहेबांना पंपाच्या आवाजात ऐकू गेलं नाही. त्यांनी कानाला हात लावला.

"ते माझे मामा आहेत," ती ओरडली.

"कोण?"

"ड्रायव्हर. ड्रायव्हर नाहीत ते, मामा आहेत माझे. सख्खे. त्यांनीच वाढवलंय मला." तिचा आवाज फाटला होता. पाना हातात घेतलेला एक माणूस वळून बघायला लागला.

साहेब गोंधळले. "बरं," ते म्हणाले. "पण गाडी चालवतात ना?"

"चालवतात. शाळेची व्हॅन आहे."

"मग येतील का मामा? विचारा तरी."

एवढंच. साहेबांना त्यात विशेष काही वाटलंही नसावं. इतके दिवस तिला ज्याच्यापायी झोप नव्हती, ते ऐकून साहेब पुन्हा घड्याळाकडे बघत होते. आपल्याला कोणी रागावेल, निदान चकित तरी होईल, याचीही सोय उरली नव्हती.

तिनं फोन केला. मामा आला. घाईत आला असावा, पायांत चपलाच होत्या. व्हॅन फाटकातून सूर्यासकट आत आली आणि साहेब स्वतः पुढे झाले.

"या मामा, चहा घेऊन मग निघा. भाचीनं सांगितलं आम्हाला."

मामा चपापला. त्यानं तिच्याकडे बघितलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. चोरी पकडली गेल्यावर माणूस बघतो तसा तो बघत होता. नको साहेब, उशीर होईल, असं म्हणत तो सीटवरची मुलांची खडूची नावं फडक्यानं पुसायला लागला. पाहुणे गुडघे छातीशी घेऊन लहान मुलांच्या बाकांवर बसले. त्यातल्या सगळ्यांत उंच अधिकाऱ्याला ही सगळी गंमत वाटत होती. तो स्टेशन येईपर्यंत हसत होता. ती पुढे मामाशेजारी बसली.

पाहुण्यांना उतरवून व्हॅन शाळेच्या रस्त्याला लागली. ती म्हणाली, "मामा, त्या दिवशी मी..."

"जाऊ दे गं."

"नाही, ऐक. मी तसं बोलायला नको होतं."

मामानं सिग्नलला गाडी थांबवली. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तो समोर बघत राहिला.

"ड्रायव्हर म्हणालीस त्याचं काही नाही. ड्रायव्हरच आहे मी. पण येताना गाडीत सांगायचं होतंस ना, की मामा, तू आज ड्रायव्हर हो. मी झालो असतो. आत पाऊलसुद्धा टाकलं नसतं. मला काय हौस होती का?" त्यानं गिअर टाकला. "ते परक्या माणसाच्या तोंडून ऐकायला लागलं, एवढंच."

सिग्नल सुटला. तिला रडू आवरेना. मामानं खिशातला रुमाल काढून तिच्या मांडीवर टाकला. "आता मुलं चढतील," तो म्हणाला. "तोंड पूस. तुला रडताना बघितलं की विचारून विचारून माझा जीव खातील."

त्यानंतर वरवर सगळं सुरळीत झालं. शेडमधली माणसं तिला जड पंप उचलायला हाका मारू लागली. चष्मिष दोन दिवस तिच्याशी जरा तुटक वागला आणि मग विसरला. वॉचमन पूर्वीसारखाच सलाम करायचा. आता ती थांबून त्याच्याशी दोन शब्द बोलायची, आणि ते बोलणं दोघांनाही अवघड जायचं.

ट्रेनिंग संपलं त्या दिवशी विभागात चहा ठेवला होता, प्रमाणपत्रं द्यायची होती. मामांनाही घेऊन या, असं साहेबांनी मुद्दाम सांगितलं. तिनं घरी सांगितलं, तर मामा म्हणाला, मुलांची फेरी असते. तिनं वेळ बघून ठेवली होती. फेरीच्या आधी होईल, म्हणाली. आईनंही आग्रह केला. मामा बराच वेळ नाही-नाही म्हणत राहिला, आणि आई आत गेल्यावर तिला हळूच म्हणाला, "नको गं. मला तिथे कसं उभं राहायचं ते आता कळत नाही."

ती एकटी गेली. साहेबांनी हात मिळवला, कौतुक केलं, शेवटचं वर्ष झालं की भेटा म्हणाले. चहाचा कप तिनं अर्धाच प्यायला. मग प्रमाणपत्र पिशवीत घालून ती बसनं शाळेकडे गेली.

इतक्या वर्षांत ती कधी तिथे मामाला भेटायला गेली नव्हती. फाटकासमोर भिंतीलगत व्हॅन ओळीनं लागल्या होत्या आणि सावलीत उलट्या बादल्यांवर, टायरवर ड्रायव्हर बसले होते. कोणी शेंगदाणे खात होतं, कोणी पत्ते पिसत होतं. मामा त्यांच्यात काहीतरी हातवारे करून सांगत होता आणि बाकीचे हसत होते. तिला बघून तो उठला. काही झालं का, म्हणून आधी घाबरला. काही नाही, सहज आले, असं तिनं सांगितलं.

ती सकाळपासून शेडमध्ये होती; कपडे चुरगळलेले, पँटचे काठ ओले, बुटांना ग्रीस. मामानं एक बादली तिच्यासाठी पुढे ओढली आणि बाकीच्यांकडे वळला.

"ही माझी भाची," तो म्हणाला.

इतकं साधं होतं ते. त्यानं इकडेतिकडे बघितलं नाही, आवाज चढवला नाही की उतरवला नाही. ड्रायव्हरांनी माना हलवल्या, एकानं शेंगदाणे पुढे केले. तिनं ओंजळ धरली. तिची मान वर होत नव्हती. कोणी काही विचारलं की ती खाली बघतच उत्तर देत होती, आणि मामा म्हणत होता, लाजरी आहे जरा, लहानपणापासूनच.

मग घंटा झाली, फाटक उघडलं आणि मुलं धावत सुटली. मामा व्हॅनकडे पळाला. ती त्याच्या मागोमाग जाऊन मुलांना एकेकाला हात देऊन चढवू लागली.